भोकाचा पैसा, कॉर्क आणि अर्धी लग्नपत्रिका

माझे थोरले मामा हैदराबादला असायचे. गोवा मुक्त झाल्यावर आमच्याकडचे बहुतेक तरुण नोकरीसाठी मुंबईची वाट धरत. मामा मात्र एका ओळखीच्या चिठ्ठीवर निजामाच्या शहरात गेले, एका सरकारी कारखान्यात चिकटले आणि तिथलेच झाले. हैदराबाद मराठी माणसाला परके नव्हतेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. शहरात विवेकवर्धिनी होती, मराठी ग्रंथसंग्रहालय होते. मामांना वाचायला मासिके आणि जेवायला मासळी एवढेच लागे. पहिली गोष्ट तिथे भरपूर मिळाली, दुसरीसाठी ते आयुष्यभर कुरकुरत राहिले.

१९६८ साली नंबर लागून मामांनी बुलेट घेतली. आमच्या घरात या बुलेटचा विषय निघाला की वातावरण तंग व्हायचे. कारण १९८४ च्या मे महिन्यात माझे वडील ती गाडी घेऊन हैदराबादहून बिदरला निघाले आणि वाटेत इंजिन जाम झाले. गाडी टेंपोत घालून परत आणावी लागली. मी तेव्हा चार वर्षांचा, मला त्यातले काही आठवत नाही. पण त्यानंतर मामांचे एक वाक्य ठरून गेले, "सोळा वर्षं त्या इंजिनाला कुणाचा हात लागला नव्हता. भावोजींनी एका दिवसात वाट लावली." हे ते लग्नामुंजीत, चारचौघांत सांगत. वडील काही बोलत नसत. त्यांनी पुढे दुचाकी घेतलीच नाही, निवृत्त होईपर्यंत कदंबाच्या बसने ऑफिसला गेले. आता दोघेही हयात नाहीत.

गेल्या वर्षी एलटीसी घेऊन हैदराबादला गेलो, तेव्हा मामेभावाने ती बुलेट दुरुस्तीला काढली होती. वीस-बावीस वर्षे जिन्याखाली पडून होती. नामपल्लीच्या मागच्या एका गल्लीत एक वयस्क उस्ताद आहेत, फक्त जुन्या गाड्यांचेच काम करतात. इंजिन खोलायच्या दिवशी मीही गेलो. मला मोटरसायकलीतले फारसे कळत नाही, पण माझे आयुष्य जुन्या फायली उघडण्यात गेले आहे. बंद पडलेली जुनी वस्तू कुणी उघडत असेल तर मला तिथून हलवत नाही.

आधी या इंजिनाविषयी थोडे. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. स्वातंत्र्यानंतर सीमेवर गस्त घालायला दणकट मोटरसायकल हवी होती, म्हणून भारत सरकारने १९५२ मध्ये ३५० सीसीची बुलेट पसंत केली आणि १९५४ मध्ये ८०० गाड्यांची मागणी नोंदवली. पुढच्या वर्षी मद्रास मोटर्सच्या भागीदारीत 'एन्फील्ड इंडिया' उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग आणून इथे फक्त जोडणी होई. १९५७ मध्ये साचे आणि हत्यारे मद्रासला आली आणि १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच बनू लागले. १९७० मध्ये इंग्लंडमधले उत्पादन थांबले, पण मद्रासची बुलेट जवळपास तीच राहून पुढची अनेक दशके रस्त्यावर येत राहिली. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. तेलाची वेगळी टाकी नाही, ती क्रँककेसमध्येच ओतलेली. उजव्या अंगाला टायमिंग कव्हरच्या आत दोन छोटे पंप असतात. एक तेल आत ढकलतो, दुसरा उपसून परत आणतो.

गिअरबॉक्स मात्र अल्बियन नावाच्या कंपनीच्या घडणीची. हे नाव ऐकून मामेभाऊ म्हणाला, "म्हणजे निजामाच्या बसवाली?" तर तसे नाही. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळची अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवलेली आहे. ती अल्बियन ग्लासगोची, गिअरबॉक्सवाली अल्बियन बर्मिंगहॅमची. नाव एक, घराणी दोन. आपल्याकडच्या नाईकांसारखे.

उस्तादांचे बोलणे ऐकण्यासारखे होते. पोरगा दुसराच पाना घेऊन आला की ते म्हणत, "वो नक्को मियाँ, छोटाइच लाओ." हा 'नक्को' आणि हा 'इच' म्हणजे आपले 'नको' आणि 'च'. दख्खनी उर्दूत मराठीचे हे दोन भाग कधी जाऊन बसले आणि आता ते काढले तर ती भाषा चालायची नाही. मग ते एका पोराला म्हणाले, "चाबी संभाल के रख." चाबी म्हणजे कुलपाची नव्हे. शाफ्टच्या खाचेत बसणारा, चक्राला घट्ट धरून ठेवणारा अर्धगोल तुकडा, त्याला सगळे मेकॅनिक चाबी किंवा चावीच म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आलेला. आणि मिस्त्री हा शब्द 'मेश्त्र'वरून, आपल्याकडे सुतार-गवंड्याला अजून मेस्त म्हणतात तोच. हैदराबादेत १९१७ मध्ये निजामाने खास भाषांतर खाते काढले, उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाच्या शब्दांचे उर्दू पर्याय घडवले. ते खाते गेले. गल्लीतल्या कारखान्यात मात्र इंग्रजी पिस्टन, पोर्तुगीज चावी आणि मराठी नको एका टेबलावर नांदताहेत.

आता मूळ गोष्ट. इंजिन खोलता खोलता त्यात ज्यांचा काही संबंध नाही अशा वस्तू निघू लागल्या.

पहिली निघाली डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये. तळाच्या काळ्या तेलात एक चकती होती. पोराने पुसून दिली, तर भोकाचा पैसा, १९४४ चा. जुन्या लोकांना आठवत असेल. महायुद्धात तांबे कमी पडले, म्हणून १९४३ मध्ये सरकारने मधे मोठे भोक पाडलेला पैसा काढला. वजन आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी. १९४७ पर्यंत तो पाडला जात होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आणि हा भोकाचा पैसा हळूहळू व्यवहारातून गेला. (गोव्यात तेव्हा रुपया आणि टांगा चालत होते, एस्कुदो यायचा होता.) पण पैसा म्हणून मेला तरी वॉशर म्हणून तो जगला. आकार गोल, भोक नेमके मध्यावर, गंजायची भीती नाही आणि किंमत जवळपास शून्य. देशभरच्या मेस्त्रींनी तो नटाखाली घातला. उस्ताद म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या डब्यात असले पैसे भरलेले असत, जुमेरात बाजारातून शेरावर विकत आणलेले.

हा पैसा तिथे कशासाठी घातला आणि कधी निसटला, ते कळणे शक्य नाही. पण गाडी १९६८ ची आणि कारखान्यातून काही भोकाचा पैसा बसवून येत नाही. म्हणजे कुणाचा तरी हात आत गेला होता. मी मामेभावाकडे पाहिले. तो म्हणाला, "चेनकेस म्हणजे इंजिन नव्हे." बरोबर आहे. चेन ताणायला ते झाकण काढावेच लागते.

दुसरी वस्तू म्हणजे एक बारका पोलादी रोलर. उस्तादांनी तो नखावर फिरवून सांगितले की हा बुलेटचा नाहीच, जावाचा आहे. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, १९६१ पासून म्हैसूरला बनणारी, दोन स्ट्रोकची. तिचा रोलर बुलेटच्या पोटात कसा? उस्ताद हसले. "टेबल एकइच रहता साब." एकाच टेबलावर दोन इंजिने उघडी पडली की एकाचा दाणा दुसऱ्याच्या पानात जातो. माझ्या ऑफिसात एका फायलीत दुसऱ्याच गावच्या जमिनीचा नकाशा सापडला होता, त्याची आठवण झाली.

मग सिलिंडर वर उचलला. पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडली तर आकडा दिसला, ४०. हा आकडा म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सिलिंडर आतून झिजला किंवा ओरखडला की तो लेथवर मोठा करतात आणि मापाचा मोठा पिस्टन घालतात. पहिल्यांदा २०, मग ४०, मग ६०, असा क्रम. ४० म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. मी कागदावर गणित केले. सत्तरचा व्यास एकाहत्तर झाला की ३४६ सीसीचे इंजिन ३५६ सीसीचे होते. आरसी बुकात अजून ३४६ च आहे. म्हणजे गाडी कागदापेक्षा दहा सीसी मोठी. हे आरटीओला कळवण्याची तरतूद आहे का, असा विचार मनात आला, सवयीने.

तर ४० म्हणजे दोनदा बोअर? १९८४ ला एकदा झाले, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर गाडी फारशी चाललीच नाही. मग दुसरे त्याआधीचे असले पाहिजे! माझ्या तोंडून हे जरा मोठ्यानेच निघाले. उस्तादांनी हात वर करून थांबवले. इंजिन फार जोरात जाम झाले आणि ओरखडे खोल असले, तर मेकॅनिक २० चा टप्पा सोडून सरळ ४० करतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पुरावा पुन्हा अर्धाच.

इथे मला दामोदर कोसंबींची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. आपल्या गोव्यात १९०७ साली जन्मलेला हा गणिती, त्याने प्राचीन भारताचा इतिहास तराजूवर तोलला. हाताहातांतून फिरताना नाणे झिजते, दर फेरीला किंचित वजन गमावते. एका नाण्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक नाण्याचे नशीब वेगळे. पण ढीगभर नाणी तोलली, त्यांचे सरासरी वजन किती घटले आणि वजनांतली तफावत किती वाढली हे पाहिले, की कुठली आधीची आणि कुठली नंतरची याचा क्रम लागतो. तक्षशिलेच्या नाण्यांवर त्यांनी हे करून दाखवले. आता माझ्यापुढे ढीग नव्हता. एक पैसा, एक रोलर, एक पिस्टन. शिवाय मी तटस्थही नव्हतो. मला निकाल आधीच हवा होता, तोही बाबांच्या बाजूचा. असा माणूस इतिहास लिहायला लायक नसतो.

दुपारी जेवणानंतर उजवीकडचे टायमिंग कव्हर निघाले. हे कव्हर सिलिंडर बोअर करताना काढावे लागत नाही, हे उस्तादांनी आधीच सांगितले होते. कव्हर आणि क्रँककेस यांच्यामध्ये कागदाचे गॅस्केट असते. इथले गॅस्केट दोन तुकडे लाखेने जोडून केलेले, जाड पुठ्ठ्याचे होते. पोर ते खरवडून टाकणार इतक्यात उस्तादांनी त्याचा हात धरला. सुरीच्या पात्याने हळूहळू सोडवले आणि माझ्या हातात दिले. "आपकी ज़बान है."

तेलाने तपकिरी झालेल्या पुठ्ठ्यावर छापील देवनागरी अक्षरे होती. एका तुकड्यावर 'शके १९०१, वैशाख'. दुसऱ्यावर 'आहेर आणू नयेत'. ती मराठी लग्नपत्रिका होती. शके १९०१ चा वैशाख म्हणजे १९७९ चा उन्हाळा.

त्या काळी सुट्या भागांची काय परिस्थिती होती ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबणारा देश होता तो. नवे गॅस्केट मिळाले तर रानीगंजच्या दुकानांत, नाहीतर कात्री आणि मिळेल तो पुठ्ठा. कव्हर पुठ्ठ्यावर ठेवायचे, कडेने छोट्या हातोडीने ठोकत जायचे, धातूची धार कागद आपोआप कापते. हैदराबाद-सिकंदराबादेत हे हुन्नर पिढ्यान्‌पिढ्यांचे. सिकंदराबादची छावणी १८०६ ची, लालागुड्याचे रेल्वे वर्कशॉप १८९३ चे. सैन्य आणि रेल्वे, दोन्ही ठिकाणी यंत्रे उघडून बसवणारे हात लागत. तिथून ती विद्या गल्लीबोळांत झिरपली असणार.

पण पुठ्ठा कुणाचा? उर्दू बोलणाऱ्या मेस्त्रीच्या दुकानात मराठी लग्नपत्रिका आपणहून येत नाही. गाडीच्या मालकाने घरून आणली तरच येते. आणि लग्नपत्रिका काही कुणी पाच-पाच वर्षे राखून ठेवत नाही. कुणी म्हणेल, ठेवतही असतील. तारखेचा कागद फक्त एवढेच सांगतो की त्याच्या आधी हे घडले नाही, नंतर कधीही घडले असेल. मला हा आक्षेप मान्य आहे. १९८४ मध्ये इंजिन जाम झाल्यावर मामांनी जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातून ही काढून दिली असेल, असे म्हणायला वाव आहे.

मग उस्तादांनी कव्हर उलटे केले. पंपातून आलेले तेल क्रँकच्या टोकात शिरते त्या जागी कॉर्कचे एक छोटे सील असते. ते जाग्यावर होते, पण नव्यासारखे. आणि क्रँककेसच्या तळाच्या गाळात, जो दगडासारखा घट्ट झाला होता, कॉर्कचे तुकडे मिळाले. फाटलेले, हाताने कातरलेले. त्यांच्याबरोबर पिस्टनपिनची एक मोडकी सर्क्लिप. उस्तादांनी तुकडे जुळवून पाहिले. कुणीतरी बाटलीचे बूच कापून सील म्हणून लावले होते, असे त्यांचे मत. असे सील काही वर्षे टिकते, मग कुजून फाटते. ते फाटले की तेलाचा जोर तिथेच वाया जातो, बिगएंडला पुरेसे तेल पोचत नाही, आणि पिस्टनला तर तिथून उडणाऱ्या तेलाचाच आधार. गाडी गावात फिरते तोवर चालून जाते. मे महिन्यात, उन्हात, शे-सव्वाशे किलोमीटर एका दमात मारले की जाम होते.

"पहले किसी ने खोला, बूच लगाया, बंद किया. फिर जाम हुआ, तब असली सील डाला," उस्ताद म्हणाले. गॅस्केटचे मी विचारले, दुसऱ्यांदा कव्हर उघडताना ते का नाही बदलले? त्यांनी पुठ्ठ्याची एक कड दाखवली. तिथे लाखेचे दोन थर होते, एक काळा, एक पिवळसर. निघाले तसेच पुन्हा चिकटवले होते.

मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना माहीत असणार रे." मी काही उत्तर दिले नाही. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे काही उत्तर दिले नव्हते, मी एका दुपारीत काय देणार?

संध्याकाळी तो पुठ्ठा मामींना दाखवला. ऐंशी उलटलेल्या, पण नजर चांगली. त्यांनी 'आहेर आणू नयेत' वाचले आणि लगेच ओळखले, शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीचे लग्न. त्या वर्षी पावसाळ्यात गाडी तीन आठवडे घरी नव्हती, हेही त्यांना आठवत होते. मामा त्यांना म्हणाले होते की मित्राला वापरायला दिली आहे. "आमच्या लग्नात हुंडा म्हणून काही घेतलं नाही त्यांनी, पण ती गाडी म्हणजे त्यांचा हुंडाच होता. ती बिघडते हे कबूल करायला जड जायचं," मामी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी एकदा मला विचारलं होतं, आधी कधी गाडी उघडली होती का म्हणून. मी नाही म्हटलं. मला तेच माहीत होतं."

म्हणजे बाबांना शंका होती. त्यांनी ती मामांपाशी बोलून दाखवली नाही, मामींपाशी विचारून सोडून दिली.

इंजिन बांधायला आणखी दहा दिवस लागले, मी तोवर गोव्यात परतलो होतो. नव्या गॅस्केटसाठी मामींनी घरातला एक जाड पुठ्ठा काढून दिला होता म्हणे. उस्तादांनी तो परत पाठवला. रानीगंजात आता पूर्ण संच तयार मिळतो. सर्क्लिप, रोलर आणि कॉर्क मामेभावाने एका डबीत ठेवले आहेत, पत्रिकेचे तुकडे मामींकडे आहेत. पैसा मी मागून घेतला. फोनवर मामेभाऊ सांगत होता, चौथ्या किकला गाडी लागली, आवाज पहिल्यासारखा आहे, आणि उजव्या बाजूने थोडे तेल अजून गळतेच.